वस्तू कशी बनते ते आधी बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू कोल्हापुरात जी. डी. आर्टच्या, म्हणजे चित्रकलेच्या डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाला आहेस. दोन वर्षं डिजिटल पेंटिंग करतेस आणि पुढे गेम किंवा सिनेमासाठी कन्सेप्ट डिझाइन, म्हणजे त्यातली पात्रं, वस्तू, जागा आधी कागदावर ठरवण्याचं काम, करायचं ठरवलंयस. सहा चित्रं दाखवलीस: चिलखतातला योद्धा, ढगांत तरंगणारा किल्ला, एक यंत्रमानव, भट्टीचा प्रचंड कारखाना, तळ्याकाठची संध्याकाळ आणि एका म्हातारीचा चेहरा. दोन स्टुडिओंनी नकार दिला, कारण कुणी सांगितलं नाही. तुला विचारायचंय की काम व्यावसायिक का वाटत नाही, ब्रश चुकताहेत का, स्क्रीनवाला टॅबलेट घ्यावा का, आणि डिप्लोमा झाल्यावर वर्षभर घरी बसून फक्त पोर्टफोलिओ करावा का. जाता जाता एक ओळ लिहिलीस की वडील उद्यमनगरात फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगचं (साचे भरण्याचं) काम करतात. माझं बरंचसं उत्तर त्या एका ओळीवरच उभं आहे.

तुझा हात चांगला आहे, हे आधी सांगतो, कारण तुझ्या लिहिण्यात स्वतःवरचा विश्वास हललेला दिसतोय. म्हातारीच्या चेहऱ्यात कपाळाचं हाड, गालफड, मानेच्या शिरा सगळं जागच्या जागी आहे. त्वचेखाली हाड आहे हे कळतं. हे वर्गात मॉडेल समोर बसवून केलेल्या कामातून आलेलं आहे आणि ते इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून येत नाही. पहिल्या आणि शेवटच्या चित्रातला फरकही मोठा आहे. म्हणजे प्रगती झालीय. फक्त ती एकाच दिशेनं झालीय: चित्र पूर्ण करण्याच्या, गुळगुळीत करण्याच्या, चमक आणण्याच्या दिशेनं. कन्सेप्ट डिझाइनला लागणारी दुसरी बाजू, म्हणजे समोरची वस्तू कशी बनली असेल आणि कशी चालत असेल याचा विचार, तिथं तू अजून पाऊल टाकलेलं नाहीस.

कन्सेप्टचं चित्र हे शेवटचं चित्र नसतं, मधला कागद असतो. तुझ्यानंतर त्यावर थ्रीडी मॉडेल करणारा बसतो, मग त्याला हाडं-सांधे देणारा, मग हलवणारा, मग प्रकाश लावणारा. त्यांचे प्रश्न साधे आणि कडक असतात. ही वस्तू मागून कशी दिसते? माणसाच्या मानानं केवढी आहे? कशाची आहे? उघडते कुठून? तुझा यंत्रमानव फार देखणा रंगवलायस, पण त्याच्या मांडीचा पत्रा गुडघ्याच्या खाली उतरलाय, त्यामुळं त्याला बसता येणार नाही. योद्ध्याच्या खांद्यावरचे दोन्ही पत्रे कानापर्यंत चढलेत. हात वर केला की पत्रा गालावर आपटणार. आणि ते चिलखत अंगात घालायचं कुठून? बंद नाहीत, बिजागरी नाही, पाठीला फट नाही. स्टुडिओतला अनुभवी माणूस या गोष्टी फार लवकर पकडतो आणि पुढच्या फाइलकडे जातो. तुला नकाराचं कारण कळलं नाही, पण माझा अंदाज हाच आहे.

आता कारखान्याच्या चित्राबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याबद्दल. तू एक अवाढव्य भट्टी काढलीयस, साखळ्या लोंबताहेत, नारिंगी रस वाहतोय, भिंतींवर पाइपांचं जाळं आहे. हे सगळं तू दुसऱ्यांच्या चित्रांतून उचललंयस, हे बघताच कळतं, कारण त्या सगळ्यांच्या चित्रांतही नेमकं असंच असतं. आणि तुझ्या घरात असा माणूस आहे जो रोज वाळूत साचा भरतो! गेम आणि सिनेमासाठी चित्रं काढणाऱ्या किती जणांना खरी फाउंड्री आतून बघायला मिळते? तुला ती वडिलांच्या डब्याबरोबर मिळते.

वडिलांना विचार, एखादा कास्टिंगचा भाग साच्यातून निघताना कसा दिसतो. ते सांगतील की पॅटर्नच्या (ज्याभोवती वाळू भरून साचा करतात त्या नमुन्याच्या) उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, नाहीतर वर उचलताना वाळू ढासळते. वरची पेटी आणि खालची पेटी जिथं जुळतात तिथं भागावर एक बारीक रेघ उमटते, ती पार्टिंग लाइन. आतले कोपरे गोलसर ठेवतात, कारण धारदार कोपऱ्यात वाळू तुटते आणि थंड होताना तिथंच ताण साठून तडा जाण्याची भीती असते. भिंतींची जाडी शक्यतो सारखी ठेवतात. एखादा भाग एकदम जाड असला तर तो सगळ्यात शेवटी गोठतो आणि आक्रसताना आत पोकळी राहते. मजबुती हवी तिथं जाडी वाढवण्याऐवजी फासळ्या देतात. पोकळ भाग हवा असेल तर वाळूचा वेगळा कोअर करून साच्यात बसवतात. नंबर किंवा नाव बहुतेक उठावातच असतं, कारण पॅटर्नवर उठावाची अक्षरं चिकटवणं सोपं आणि वाळूच्या साच्यात त्यांचा ठसा टिकतो. मग रायझर (जादा रस पुरवणारा, नंतर तोडायचा खुंट) तोडल्याच्या खुणा, फेटलिंगला म्हणजे साफसफाईला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा. आणि शेवटी लेथवर किंवा मिलिंगवर फक्त ते पृष्ठभाग घासतात जे दुसऱ्या भागाला भिडणार असतात. बाकी सगळं खरबरीत, काळपट राहतं.

हे सगळं आता तुझ्या यंत्रमानवाला लाव. त्याचं धड ओतीव लोखंडाचं धर. मग त्याच्या कडा गोल होतील, बाजूंना किंचित उतार येईल, मधून पार्टिंग लाइन जाईल, छातीवर उठावातला नंबर येईल, पोटाला फासळ्या येतील. दंडावरची आवरणं पत्र्याची धर. तिथं कडा धारदार, दुमडलेल्या, रिव्हेट मारलेल्या. सांधे लेथवर काढलेले. तिथं चकाकी, बारीक गोल रेघा आणि ग्रीसचा काळा डाग. एकाच लोखंडाचे तीन स्वभाव एका शरीरावर आले की बघणाऱ्याला ती वस्तू खरी वाटायला लागते. का वाटते ते त्याला सांगता येणार नाही, पण डोळा आयुष्यभर अशाच वस्तू बघत आलेला असतो. ओरखडे, गंज, रंगाचे पोपडे यांचे ब्रश तू सगळीकडे सारखेच फिरवलेस. ते आता आपोआप ठरतील. जिथं हात लागतो, जिथं भाग भागावर घासतो, तिथंच रंग उडणार. जिथं पाणी साचतं तिथंच गंज धरणार.

रसाच्या रंगाचंही बघ. तू सगळा रस एकाच भडक नारिंगीत रंगवलायस. ओतीव लोखंड साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सियसला ओततात, आणि तेव्हा ते पिवळसर-पांढऱ्याकडे झुकलेलं असतं. थंड होत जाईल तसं नारिंगी आणि मग गडद लाल. म्हणजे सगळ्यात तापलेली जागा सगळ्यात उजळ आणि रंगानं सगळ्यात फिकी पाहिजे. भडकपणा कडेला, जिथं थंड व्हायला सुरुवात झालीय तिथं. एवढा एक बदल केलास तरी ते चित्र निम्मं सुधारेल.

फाउंड्रीत जाताना मालकांची परवानगी घे, ओतकामाचा दिवस विचारून घे, आणि पहिल्यांदा फोन खिशातच ठेव. वही आणि पेन्सिल पुरे. फोटो काढला की आपण बघायचं थांबवतो. रेखाटन करताना प्रत्येक भाग कुठं जोडलाय हे स्वतःला विचारावंच लागतं. पायांत पूर्ण बंद बूट, डोळ्यांना गॉगल, अंगात सुती कपडे, सिंथेटिक ओढणी नको. रस ओतताना वडील सांगतील तिथंच उभी राहा, त्याच्या पुढे एक पाऊल नको.

हे मी कोल्हापूरच्या मुलीला सांगतोय याला कारण आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, गणपतराव वडणगेकर, रवींद्र मेस्त्री ही कोल्हापूरच्या कलावंतांची नावं तुझ्या वर्गात रोज निघत असतील. त्यातले बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आज असते तर तू ज्या कामाच्या मागे आहेस तेच काम त्यांनी केलं असतं, असं मला मनापासून वाटतं. मूळचे मेस्त्री. हातात अवजार असलेल्या कारागीर घरातले. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटकांचे पडदे रंगवले, पुढे सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. वेशभूषा, पात्रं, त्यांच्या हालचाली यांची रेखाटनं ते आधी करत, आणि सपाट रंगवलेल्या पडद्यापुढं नट उभे करण्याऐवजी घडीव सेटकडे वळले. पोस्टरही स्वतः रंगवत. फत्तेलाल आणि दामले त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली ती कोल्हापुरातच. या माणसांना चित्र काढणं आणि वस्तू घडवणं ही दोन वेगळी खाती वाटत नव्हती. लाकूड कुठं जोडलं जातं हे हाताला माहीत असल्यामुळं त्यांचं रेखाटन सुताराला वापरता यायचं. तुझं रेखाटन थ्रीडी करणाऱ्याला वापरता आलं पाहिजे. काम तेच आहे.

आता रंगाकडे. तुझ्या किल्ल्याच्या चित्रात आणि संध्याकाळच्या चित्रात एकच अडचण आहे: उजेड-अंधाराची मांडणी विस्कटलीय आणि तू ती रंगांनी झाकायला बघतेस. तू लिहिलंयस की चित्र ग्रे करून तपासतेस आणि ते ठीक दिसतं. कसं ग्रे करतेस ते बघायला हवं. फोटोशॉपमधल्या डिसॅच्युरेट आज्ञेनं शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकाच मध्यम करड्या रंगाचे होतात, आणि डोळ्याला तर पिवळा जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ आणि निळा जवळजवळ काळ्याइतका गडद दिसतो. म्हणजे ती तपासणी खोटी पडते. त्याऐवजी सगळ्यात वर एक काळ्या रंगानं भरलेला लेअर ठेव आणि त्याचा ब्लेंड मोड (खालच्या लेअरमध्ये मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ कर. हवा तेव्हा चालू, नको तेव्हा बंद. आता किल्ल्याचं चित्र असं बघ: तटबंदी, ढग आणि मागचा डोंगर तिन्ही एकाच करड्यात मिसळलेले दिसतील. म्हणूनच किल्ला तरंगत नाही, चिकटलेला वाटतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. पुढचे काही आठवडे प्रत्येक चित्राआधी तीनच छटांत, गडद, मध्यम आणि उजळ, आगपेटीएवढी बारकी रेखाटनं कर. झूम करायचं नाही. ब्रश एकच, कडक आणि गोल. एका कल्पनेच्या आठ-दहा मांडण्या केल्याशिवाय मोठा कॅनव्हास उघडायचा नाही. पहिल्या तीन मांडण्या बहुधा तुला आधीपासून माहीत असलेल्या निघतील. तुझं स्वतःचं काही सुचायला लागतं ते त्यानंतर.

निसर्गातून शिकायला तुला लांब जावं लागत नाही. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर उभी राहा आणि पाण्याकडे दोन ठिकाणी बघ. पायाजवळ, जिथं नजर जवळजवळ सरळ खाली पडते, तिथं पाण्याचा स्वतःचा हिरवट-मातकट रंग, कधी तळही दिसतो. नजर लांब न्यावी तशी ती पाण्यावर तिरकी पडत जाते आणि पाणी आरशासारखं आकाश दाखवायला लागतं. सरळ बघताना पाणी प्रकाशाचा जेमतेम दोनेक टक्के भाग परत फेकतं, तिरक्या कोनात ते प्रमाण झपाट्यानं वाढतं. तुझ्या तळ्याच्या चित्रात पायाजवळचं पाणी आणि पलीकडच्या काठचं पाणी सारखंच चमकतंय, म्हणून ते फरशीसारखं वाटतं. आणखी एक: प्रतिबिंबात उजळ गोष्टी किंचित गडद होतात आणि गडद गोष्टी किंचित उजळ. काठावरच्या शालिनी पॅलेसची उजेडातली भिंत आणि झाडांची काळी सावली पाण्यात उतरताना कशा जवळ येतात ते बघून ये.

पन्हाळ्याची रांग शहरातून बघताना दूरचे डोंगर निळसर का दिसतात, हे तुला पुस्तकातून माहीत असेल: मधली हवा निळा प्रकाश जास्त पसरवते. पण चित्रात त्याहून उपयोगी पडतो तो दुसरा भाग. अंतराबरोबर गडद छटा लवकर उजळतात, उजळ छटा फारशा बदलत नाहीत. म्हणून दूरच्या डोंगरातली सावली हीच सगळ्यात आधी निळी आणि फिकी होते. तू मात्र संपूर्ण डोंगरावर निळा रंग सारखा ओढलायस. पावसाळ्यानंतरची स्वच्छ सकाळ आणि उन्हाळ्यातली धुरकट दुपार, एकाच जागेवरून दोन्ही रंगव. आबालाल रहिमान हेच करत होते: कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा, त्याच जागा, वेगळा प्रहर. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. जाऊन अर्धा तास एकाच चित्रापुढं थांब. आकार बारका असूनही हवा किती खोल दिसते बघ.

माणसाच्या शरीरासाठी कुस्तीचं मैदान बघ, खासबागचं किंवा जवळच्या गावचं. कुस्तीतलं शरीर जिमच्या फोटोतल्या शरीरासारखं नसतं. मान जाड, कान फुटलेले, पोटावर थर आणि त्याखाली ताकद. तुझा योद्धा जिमच्या जाहिरातीतला आहे. जो माणूस रोज मातीत लढतो त्याचे कान, गुडघे, बोटं कशी होतात हे तुझ्या शहराला माहीत आहे, ते तुझ्या चित्रात यायला काय हरकत आहे?

पुढचे तीन महिने काय करायचं ते सांगतो. सहा वेगवेगळी चित्रं नकोत, एकच प्रकल्प घे. मी विषय सुचवतो, पटला नाही तर बदल: पंचगंगेचा पूर ओसरतच नाही अशा काळातलं, पाण्यावर तरंगणारं गुऱ्हाळ.

का, ते सांगतो. गुऱ्हाळ तू लहानपणापासून बघितलंयस आणि पूरही. २०१९ आणि २०२१ चं पाणी कोल्हापुरातल्या कुणाला सांगावं लागत नाही. दोन्ही खऱ्या गोष्टी आहेत, त्यांना एकत्र आणल्यावर प्रश्न आपोआप पडायला लागतात, आणि डिझाइन म्हणजे त्या प्रश्नांची उत्तरं. रसानं भरलेली काहील प्रचंड जड. ती तराफ्याच्या मध्यावर आणि खालीच हवी, नाहीतर सगळं कलंडेल. काहिलीखाली जाळ, मग तराफा लाकडाचा असेल तर चुलाणाखाली माती-दगडाचा थर लागणार, त्याचं वजन वेगळं. जळण म्हणजे वाळलेलं चिपाड. चोहीकडे पाणी असताना ते वाळवायचं कुठं? छपरावर? मग छप्पर उतरतं आणि पसरट होणार, आणि चिमणीच्या ठिणग्या त्यावर पडू नयेत म्हणून चिमणी उंच किंवा एका टोकाला जाणार. चिमणी टोकाला गेली की तिचं वजन तोलायला समोरच्या टोकाला ऊस आणि चरक. बघ, आकार ठरायला लागला. अजून एकही शोभेची रेघ काढलेली नाही आणि तरी ही नाव दुसऱ्या कुठल्याही नावेसारखी दिसणार नाही.

मग माणसं. गुळव्या कुठं उभा राहतो? रस ढवळताना, मळी काढताना त्याला काहिलीभोवती फिरायला जागा हवी. रस गुळावर आला की काहील उतरवून वाफ्यात रिकामी करतात. तराफा हलत असताना ती कशी ओढणार? रुळांवर? कप्पीनं? ढेपा ओलाव्यापासून वाचवायला कुठं रचणार? यातल्या एकेका प्रश्नाला एकेक छोटं रेखाटन. गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. करवीर, पन्हाळा भागात चालू गुऱ्हाळावर एक सकाळ घालव आणि गुळव्याला तुझं रेखाटन दाखव. तो हसला तर कुठं हसला ते लिहून घे. त्याच्याइतका चांगला परीक्षक तुला दुसरीकडे मिळणार नाही.

या प्रकल्पातून कागदावर काय उतरायला हवं तेही सांगतो. आधी नुसत्या काळ्या आकारांचं एक पान, वीसएक छायाकृती. आतला तपशील नसताना गुऱ्हाळ ओळखू येतं का ते इथं कळतं. त्यातल्या तीन निवडून थोड्या पुढे ने. मग एक पक्की करून समोरून, बाजूनं आणि वरून, एकाच मापात, शेजारी माणूस उभा करून. हे पान सगळ्यात रटाळ आणि सगळ्यात मोलाचं. त्यानंतर तुकड्यांची पानं: चुलाण, कप्पी, चिमणीचा जोड, गुळव्याचे कपडे आणि अवजारं, प्रत्येकाजवळ दोन शब्दांत साहित्य. आणि शेवटी एकच मोठं रंगवलेलं चित्र, पहाटेचं, वाफ उठलेली, तुझा सगळा रंगवण्याचा हात त्यात लाव. तिथं तो शोभेल.

उपकरणांचं थोडक्यात. स्क्रीनवाला टॅबलेट आत्ता घेऊ नकोस. तुझा साधा टॅबलेट दाब ओळखतो, तेवढं पुरतं. ते पैसे कॉम्प्युटरची रॅम वाढवायला किंवा चांगल्या मॉनिटरला लाव. मॉनिटरवर रंग खोटे दिसत असतील तर बाकी सगळं वाया जातं. फोटोशॉप परवडत नसेल तर क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पूर्ण पुरेसं आहे. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअरही मोफत; तराफा, काहील, छप्पर यांचे साधे ठोकळे त्यात मांडून कोन ठरव आणि त्यावर रंगव, परस्पेक्टिव्हची मारामारी वाचेल. ते फसवणं नाही, स्टुडिओत रोज असंच चालतं. ब्रशचं विचारलंस: एक कडक, एक मऊ, एक खरबरीत. तुझ्याकडचे बाकीचे ब्रश सहा महिने बंद करून ठेव. आणि मधून मधून कॅनव्हास आडवा उलटून बघ (क्रिटात ‘एम’ दाबलं की होतं); तुझ्या योद्ध्याचा डावा डोळा वर गेलाय ते लगेच दिसेल.

फोटोचे तुकडे वापरायचे असतील तर स्वतः काढलेले वापर. फाउंड्रीचे, घाटाचे, गुऱ्हाळाचे तुझे स्वतःचे फोटो हा तुझा खजिना होईल. त्यावर कुणी हक्क सांगू शकत नाही. एआयनं चित्रं बनवण्याबद्दल तू काळजी व्यक्त केलीस. ती रास्त आहे, सुरुवातीच्या पातळीवरच्या कामावर त्याचा परिणाम होतोय. पण असं चित्र बनवणाऱ्याला ‘चिमणी इथं का?’ असं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नसतं. तुझ्याकडे असेल, आणि ते उत्तर दाखवणारी रेखाटनंही असतील. म्हणून एकही कच्चं पान फेकू नकोस, फाइलचे टप्पे जपून ठेव. मुलाखतीत तेच मागतात.

पोर्टफोलिओत आत्ताच्या सहांपैकी फक्त म्हातारीचा चेहरा ठेव. यंत्रमानव नव्यानं कर, ओतीव धडाचा. बाकी चार काढून टाक, दुःख होईल तरी. दोन पूर्ण प्रकल्प आणि दोन-तीन निरीक्षणाची पानं एवढं असलं तरी माणूस थांबून बघतो. कमकुवत चित्र मात्र शेजारच्या चांगल्याला खाली ओढतं. प्रत्येक स्टुडिओला तेच पाठवू नकोस. ते मोबाइलचे रंगीबेरंगी गेम करतात की वास्तववादी, ते आधी बघ आणि त्याप्रमाणं क्रम लाव. पीडीएफ हलकी ठेव, पहिल्याच पानावर नाव, फोन आणि तू नेमकं काय करतेस ते: पर्यावरण, वस्तू की पात्रं. मला विचारशील तर वस्तू आणि पर्यावरण. तुझ्या घराची आणि गावाची ताकद तिथं आहे.

आता शेवटचा प्रश्न, वर्षभर घरी बसण्याचा. माझं मत स्पष्ट आहे: बसू नकोस. डिप्लोमा पूर्ण कर, त्यातला हेड स्टडी आणि लाइफचा, म्हणजे मॉडेलवरून चेहरा आणि शरीर काढण्याचा, एकही तास चुकवू नकोस, कारण मॉडेल समोर बसवून काम करायला नंतर पैसे देऊनही सहज मिळत नाही. घरी बसलेल्या वर्षात पहिले दोन महिने जोरात जातात, मग दिवसाला आकार राहत नाही, आणि घरच्यांची काळजी वाढत जाते ती वेगळीच. त्यापेक्षा डिप्लोमानंतर लगेच छोटं पैशांचं काम धर: पुस्तकांची मुखपृष्ठं, एखाद्या नाटकाच्या नेपथ्याची रेखाटनं, गणेशोत्सवातल्या तरुण मंडळांच्या देखाव्यांचं डिझाइन. देखाव्याचं काम तर घेच. तिथं बजेट असतं, ठरलेली तारीख असते, सुतार आणि वेल्डर तुझा कागद हातात घेऊन ‘ताई, हे इथं टिकणार नाही’ असं तोंडावर सांगतात, आणि तुला रात्रीत दुसरा मार्ग काढावा लागतो. स्टुडिओतलं पहिलं वर्ष याहून फार वेगळं नसतं. रोज दोन तास स्वतःच्या प्रकल्पाला ठेव, पहाटेचे असतील तर उत्तम, आणि रविवार बाहेर रेखाटनाला.

गुऱ्हाळाची छायाकृतींची पानं झाली की मला पाठव, रंगवलेलं काही नको. त्या पानाखाली प्रत्येक आकाराला एका ओळीत कारण लिही: वजन कुठं, जाळ कुठं, माणूस कुठं. जिथं कारण सुचणार नाही तिथं कोरं सोड, त्या जागांबद्दल आपण बोलू.